अठ्ठेचाळीस तास

डावा हात पुढे कर, म्हटलं.
त्यानं बाही कोपराच्या वर सारली
आणि मी आतल्या मऊ कातडीत
सुई टोचली. तीनदा, तिरकी.
औषध नाही, लस नाही, आत काहीच सोडलं नाही.
"एवढंच?" दुरसुन म्हणाला.
एवढंच. आता परवा ये, याच वेळेला.
तोवर खाजवू नकोस.

बाकी सगळं त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून आणलं होतं.
दंतवैद्याची चिठ्ठी: तोंडात व्रण, जीवनसत्त्वं कमी.
हाडांच्या डॉक्टरची: गुडघ्यात पाणी, पट्टी बांधा.
कातडीवाल्याचं मलम, नडगीवरच्या लाल गाठींसाठी.
आणि डोळेवाल्याची, सगळ्यात ताजी, घाईच्या अक्षरात:
उजव्या डोळ्याला आतून सूज, त्राब्झोनला न्या.
चार चिठ्ठ्या, चार वेगळ्या माणसांच्या असाव्यात तशा.

पाचवी कुणी लिहिलीच नव्हती.
आई शेजारी बसलेली, मांडीवर गाठोडं,
आणि मला जे विचारायचं होतं
ते आईसमोर विचारत नाहीत.
हमियेतताई, खाली चहा बरा मिळतो, मी म्हणाले.
ती गेल्यावर खिडकीकडे तोंड करून विचारलं.
बंदरात एक जहाज धक्क्याला लागत होतं,
लागून दोर बांधून झाले, तरी मागे शांतता.
मग: "हो. दोनदा. गेल्या वर्षी.
मला वाटलं, माझंच काहीतरी पाप."
पाप असं गुडघ्यातून डोळ्यात फिरत नाही, दुरसुन.

चित्र काढून समजवावं म्हणून कागद ओढला
तर तोच बोलू लागला, पोळ्यांबद्दल.
चेस्टनटच्या उंच फांद्यांवर पोकळ ओंडके बांधतो तो,
बापानं बांधले तसे.
"दाराशी राखणीच्या माश्या असतात, हकीमबाई.
एखाद्या वर्षी बिथरतात.
मध घेऊन परतणाऱ्या आपल्याच माशीला
उंबऱ्यावर पाडतात."
मग तू काय करतोस?
"धूर."
मारत नाहीस?
"मारल्या तर राखण कोण करणार?"
मी पेनाचं टोपण लावलं.

परवा आला. पाऊण तास आधीच.
तीन टोचण्यांपैकी दोन फुगलेल्या,
माथ्यावर मोहरीएवढा पू.
साध्या सुईवर एवढा कांगावा करणारं शरीर.
मला आनंद झाला. लपवला.
नाव सापडल्याचा आनंद
रोग्याच्या तोंडावर दाखवू नये.

गोळ्या लिहिल्या. ह्या कशाच्या, त्यानं विचारलं.
तुमच्या वरच्या कुरणातल्या फुलाच्या.
गुरं खाली न्यायची वेळ झाली की
जमिनीतून पानांवाचून वर येतं, जांभळं.
"वरगित!" तो हसला. "ते तर विष.
गायींना तोंड लावू देत नाही आम्ही."
खरं आहे. म्हणून मोजून घ्यायचं.
वरगित, म्हणजे ऊठ, जा आता.
आणि ह्याचं नाव दुरसुन, म्हणजे राहू दे;
ह्याच्या आधीचे दोन राहिले नव्हते.
हे आईनं सांगितलं, चहाचा पेला बशीत फिरवत.

डोळ्यासाठी सुई, दर पंधरा दिवसांनी.
समितीचा कागद लागेल, तीन सह्या, घरात फ्रिज.
ताप आला तर रात्रीसुद्धा फोन कर,
धूर जास्त झाला की पोळ्यात काहीही शिरतं.
तो मान हलवत राहिला.
"झाडावर चढता येईल?"
पावसाळी दिवसांत नको, म्हटलं.
त्यांच्याकडे वर्षाचे दोनशे दिवस पाऊस असतो
हे मला माहीत होतं, त्यालाही.

उजव्या डोळ्यातलं गेलेलं सगळं परत येणार नाही
हे आज सांगितलं नाही.
पुढच्या वेळी सांगेन, डावा आधी सांभाळून झाला की.

जाताना हमियेतताईंनी गाठोडं सोडलं.
काचेची बरणी, जवळजवळ काळा मध.
"कडू लागेल," म्हणाल्या,
"चेस्टनटचा आहे. सवयीनं आवडतो."